अपडेट, अद्यतन, ठिगळ की शुद्धिपत्र?

गेल्या वर्षी आईच्या फोनची भाषा मराठी करून दिली. परवा तिने फोन केला. "अरे, इथे अपडेट आलंय म्हणून लिहिलंय. मागच्या महिन्यात तू केलं होतंस ना? मग पुन्हा कसं?" मी म्हटलं, ते वेगळं होतं, हे वेगळं आहे. त्यावर ती म्हणाली, "मग दोघांना नाव एकच कसं?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारतोय.

'अपडेट' या एका शब्दात आपण निदान तीन गोष्टी कोंबतो. फोनची मूळ यंत्रणा अँड्रॉइड १५ वरून १६ वर जाणं ही पहिली. दुसरी, सुरक्षेची दुरुस्ती. एका एमएमएसच्या वाटेने फोनात शिरता येईल अशी 'स्टेजफ्राइट' नावाची भेग २०१५ मध्ये उघडकीस आली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगल महिन्याच्या महिन्याला अशा दुरुस्त्या काढू लागलं. तिसरी गोष्ट २०१९ च्या अँड्रॉइड १० पासूनची: यंत्रणेचे काही भाग फोनच्या कंपनीची वाट न पाहता थेट प्ले स्टोअरच्या मार्गाने बदलले जातात.

सेटिंग्जमध्ये अँड्रॉइड आवृत्तीच्या पानावर जाऊन बघा, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळींत दिसतील. आवृत्ती नवी आणि सुरक्षेची तारीख मात्र आठ महिन्यांपूर्वीची, असे फोन मी नात्यात किती तरी पाहिले. "माझा अपडेटेड आहे" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्याकडे दुसरा शब्दच नसतो. तर या तिघांना मराठीत काय म्हणावं? आणि अपडेट आला, आली की आलं?

—— सदाशिव पेठ

लिंगापासून सुरुवात करते. बातम्यांत 'मोठी अपडेट' असते, कारण मनात 'बातमी' असते. फोनवर 'नवं अपडेट' येतं, कारण तिथे मनात 'सॉफ्टवेअर' असतं. दोन्ही बरोबर. पण हा शब्द अजून आपल्या घरात पुरता रुळलेला नाही. 'बँकेत' म्हणताना आपण बँकेला मराठी सामान्यरूप देतो, तसंच 'टेबलावर'. 'अपडेटानंतर' किंवा 'अपडेटीनंतर' मात्र कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळे 'अपडेटनंतर' म्हणतात.

आता 'अद्ययावत'. अद्य अधिक यावत्, म्हणजे आजपर्यंत. 'फोन अद्ययावत आहे', 'अद्ययावत केला' ही वाक्यं चोख आहेत. पण 'अद्ययावत आलंय' म्हणता येत नाही, कारण ते नाम नाही. ती जागा भरायला 'अद्यतन' पुढे आणला गेला. त्यातला 'तन' पुरातन, सनातन यांतलाच, आणि मूळ अर्थ 'आजचा'. पाणिनीच्या 'अनद्यतने लङ्' या सूत्रात तो नकारासह भेटतो: आज न घडलेला भूतकाळ. विशेषणाचं नाम होणं भाषेला नवं नाही, त्यामुळे मी त्याला चूक म्हणणार नाही. 'अद्यतनित करा' मात्र जिभेवर दगड ठेवल्यासारखं वाटतं.

—— बुधवार पेठ, तपकीर गल्लीजवळ

अकरा वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय. काउंटरवर अद्यतन शब्द एकदाही ऐकला नाही. आम्ही म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." गिऱ्हाइकालाही लगेच कळतं. फोन पुरता बंद पडला, चार्जरलाही दाद देईना, तर 'डेड' किंवा 'ठोकळा झाला'. इंग्रजीत त्याला वीट म्हणतात असं आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलाने सांगितलं, पण आमच्या तोंडी वीट कधी बसली नाही.

एक कळकळीने सांगतो. स्वतः रॉम, म्हणजे फोनची यंत्रणाच नव्याने, टाकायला बसणाऱ्यांनी आधी फोटो आणि नंबर बाहेर काढून ठेवा. बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि ते मलाही परत आणता येत नाही. लग्नाचे, बाळाचे फोटो गेलेली माणसं दुकानात येतात, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

—— सदाशिव पेठ

दादा, तुमचं 'मारणे' मला सगळ्यात अस्सल वाटतं. रंग मारणे, शिक्का मारणे, फवारा मारणे: पृष्ठभागावर वरून काहीतरी चढवायचं असलं की मराठी हेच क्रियापद घेते. फोटोग्राफरही 'फ्लॅश मारतो'. फोन फ्लॅश करणं, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर मारणंच, यातला शब्दही तिथलाच आहे. १९८० च्या दशकात तोशिबामध्ये फोनातली ही 'फ्लॅश' स्मृती तयार झाली, तेव्हा तिच्यातला मजकूर एका झटक्यात पुसला जाणं कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखं वाटलं, म्हणून ते नाव पडलं. 'ठोकळा'ही राहू द्या. आपल्याकडे विटेवर विठ्ठल उभा असतो, आणि 'वीट येणे' म्हणजे भलतंच काही. मेलेल्या फोनला वीट म्हटलं तर अर्थ पोचत नाही.

—— मुळशी

थोडं विषयाबाहेर, पण राहवत नाही. माझ्या जुन्या फोनवर अ‍ॅप काढायच्या बटणावर 'विस्थापित करा' असं लिहिलेलं होतं. आमचं आजोळ धरणाखाली गेलेल्या गावांतलं. १९२१ साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला तो याच कारणासाठी. आमच्या घरात विस्थापित हा शब्द माणसांसाठी आहे. अ‍ॅपला 'काढून टाका' पुरे.

—— नारायण पेठ

मी मुद्रितशोधनाचं काम करतो, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर मला पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात दिसतं. पुस्तकाच्या धंद्यात हे भेद आधीपासून आहेत. लेखकाने नवी प्रकरणं घातली, जुनी बदलली, की दुसरी आवृत्ती. मजकूर तोच ठेवून चुका तेवढ्या दाखवल्या, की शुद्धिपत्र. अँड्रॉइड १६ ही आवृत्ती, हा शब्द फोनने आधीच घेतलाय. मग सुरक्षेच्या दुरुस्तीला शुद्धिपत्र का नको?

खरेदीच्या वेळी हा भेद पैशाचा होतो. 'पाच वर्षं अपडेट' या शब्दांवर जाऊ नका. २०२४ च्या गॅलेक्सी ए५५ ला सॅमसंग कंपनीने ४ नव्या आवृत्त्या आणि ५ वर्षं सुरक्षा दुरुस्त्या कबूल केल्या, हे दोन वेगळे आकडे आहेत. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्याच गॅलेक्सी एस२४ ला दोन्ही गोष्टी ७ वर्षं. आणि ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत, तर तेवढी शुद्धिपत्रं कमी.

—— हडपसर

शुद्धिपत्र छान आहे, पण ते पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेलं असतं, आतली चूक तशीच राहते. फोनमध्ये चुकीची ओळ खरोखर बदलते. म्हणून माझं मत ठिगळाला. इंग्रजीत अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, आणि पॅच म्हणजे मुळात ठिगळच होतं: कागदी फितीवर भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचे, तेव्हा चुकलेल्या जागी खरोखर कागदाचा तुकडा चिकटवत. फाटलेलं झाकणं हीच सुरक्षा दुरुस्तीची जात आहे.

—— कोथरूड

मूळ प्रश्न माझा होता, तेव्हा काय झालं ते कळवतो. ठिगळाचा मुद्दा पटला, पण 'तुझ्या फोनला ठिगळ आलंय' म्हटलं असतं, तर आईने फोन खराब झाला असंच धरलं असतं. आपल्याकडे ठिगळ गरिबीचं असतं. म्हणून तिला सांगितलं, मागच्या महिन्यात नवी आवृत्ती आली होती, हे तिचं शुद्धिपत्र. ती शाळेत शिक्षिका होती. लगेच म्हणाली, "असं सांग ना मग!" आणि पुढचा प्रश्न: "पण ते लावताना फोन वापरता कसा येतो?"

तिच्या फोनात अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आलेली सोय आहे. यंत्रणेच्या दोन प्रती दोन जागी असतात. एकीवर फोन चालू असतो, तेव्हा दुसरीवर नवं लिहिलं जातं. बंद करून चालू केला की जागांची अदलाबदल होते, आणि नवी प्रत उभी राहिली नाही तर फोन जुनीवर परततो. या जागांना मी 'खण' म्हटलं. वाड्यात वाढलेल्या आईला दोन खण लगेच समजले. रात्री तिने स्वतः बटण दाबलं.

खणाबद्दल कोणाला हरकत असेल तर जरूर लिहा. तिसऱ्या गोष्टीला, प्ले स्टोअरवरून येणाऱ्या भागांना, अजून शब्द मिळालेला नाही.