चिठ्ठीशिवाय पित्ताची गोळी मिळता कामा नये

रामबागकर (चर्चाप्रस्ताव) :
सकाळी जीरावण मसाला भुरभुरलेले पोहे आणि जिलेबी, संध्याकाळी कचोरी, आणि रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर मांडला जाणारा सराफा हा खाऊबाजार, हा आपल्या इंदूरचा दिनक्रम आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या जोडीला खिशात आलेल्या पॅन्टोप्राझोल या पित्ताच्या गोळीच्या पट्टीबद्दल. परवा सराफ्यात एका गृहस्थांनी भुट्ट्याचा कीस संपवला, वर दहीवडा घेतला आणि मग पट्टीतून एक गोळी काढून ती शिकंजीच्या घोटाबरोबर गिळली. कसली गोळी, असे सोबतच्या मुलाने विचारले तेव्हा "पाचक आहे" असे उत्तर मिळाले.

ती पाचक नव्हे. जठरात आम्ल सोडणारे पंप ती बंद करते आणि कायद्याच्या अनुसूची 'एच'मध्ये मोडत असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात मात्र ती चॉकलेटसारखी मिळते. औषधविक्रेत्यांनी हे थांबवावे, असे माझे मत आहे. आपल्या आजी-आजोबांचे मोरावळा, थंड दूध आणि दिवेलागणीनंतरचे लवकर जेवण यांवर भागत असे.

सुदामानगरवासी :
आजी-आजोबांचे भागत असे, हे विधान मला मान्य नाही. त्या पिढीत जठरव्रणाने कितीतरी माणसे बेजार होत आणि काहींच्या जठरावर शस्त्रक्रियाही करावी लागे. हा व्रण तिखटामुळे आणि चिंतेमुळे होतो, अशी तेव्हा समजूत होती; पुष्कळदा त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. तो जीवाणू मोरावळ्याने जात नाही. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते हे खरे, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठर पुन्हा आम्ल सोडू लागते. सूतशेखर हे आयुर्वेदिक औषध तर बरेच जण घरगुती समजून घेतात, वास्तविक त्यात पारा आणि गंधक असतो. जुने म्हणजे निर्धोक, असे समजून नव्या औषधावर बंदी मागणे योग्य नाही.

औषधवाली ताई :
मी औषधांच्या दुकानात बसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. रामबागकर काका, गोळी विकली जाते यापेक्षा ती कशी घेतली जाते, याने मी अधिक अस्वस्थ होते. पॅन्टोप्राझोल न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, कारण अन्न आल्यावर जे पंप कामाला लागतात त्यांनाच ती अडवते. शिवाय तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात. म्हणजे तुमच्या त्या गृहस्थांना दहीवड्यानंतर घेतलेल्या गोळीचा त्या रात्री जवळजवळ काहीच उपयोग झाला नसणार. अधूनमधून होणाऱ्या जळजळीला पातळ अँटासिड, म्हणजे आम्ल शमवणारे औषध, पुरते. सोड्याचे फसफसणारे चूर्णही चटकन काम करते, पण त्यात सोडियम असल्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी ते ऊठसूट घेऊ नये.

दुसरे असे की, पुष्कळ लोक नुसती पॅन्टोप्राझोल मागतच नाहीत, तर 'डी'वाली मागतात. त्या 'डी'चा अर्थ डोम्पेरिडोन. ते उलटीवरचे औषध आहे, आणि वयस्क माणसांत किंवा मोठ्या मात्रेत त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. जळजळीपुरते ते कशाला हवे? तिसरी अडचण रोज वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची. आपल्यातील शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व आधीच कमी असते, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटते, आणि त्यात ही गोळी भर घालते. पण अशा माणसाला मी उद्या चिठ्ठीअभावी एकदम परत पाठवले, तर दाबून ठेवलेले आम्ल काही दिवस उसळी मारते, आणि "बघा, गोळीशिवाय माझे चालतच नाही" अशी त्याची खात्री पटते. अशांची गोळी डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

परदेशीपुरा :
रोजंदारीवर काम करणाऱ्याने प्रत्येक जळजळीसाठी डॉक्टरांची फी भरावी किंवा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून सरकारी दवाखान्यात रांग लावावी, असे सुचवणे घरी बसून सोपे आहे.

रामबागकर :
परदेशीपुरा यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. परंतु चिठ्ठी मागण्यामागे गोळी रोखणे एवढाच हेतू नसून रुग्णाला कोणीतरी एकदा तपासावे, हा आहे. छातीत दाटून येते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, आणि माणूस "गॅस झाला" म्हणून गोळी घेऊन आडवा होतो. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तर हृदयविकाराची लक्षणे अनेकदा अशीच फसवी असतात. काळी शौच होणे, घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, ही लक्षणेही गोळीखाली दबून राहता कामा नयेत. आणि गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक घेणाऱ्याच्या पोटात आग पडत असेल, तर त्याला पित्ताची गोळी देण्याआधी ते वेदनाशामक कोणी बघायचे?

सुदामानगरवासी :
डॉक्टरांनी बघायचे, हे ठीक; पण ते बघतात का? सर्दीची चिठ्ठी असो वा दाताची, सवयीने पहिली ओळ पित्ताच्या गोळीची असते आणि ती किती दिवस घ्यायची हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. सामान्य आम्लपित्ताला चार ते आठ आठवड्यांचा क्रम बहुधा पुरतो, पण तीच चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली जाते आणि वर्षभर चालते. चिठ्ठीचा नियम उद्या काटेकोर पाळला गेला तरी ही मंडळी रीतसर चिठ्ठी दाखवूनच गोळी घेतील. बाकी रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणे, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा देऊन ती बाजू सहा इंच उचलणे, डाव्या कुशीवर निजणे, याला कोणाचीच चिठ्ठी लागत नाही. पण सराफ्यातून एक वाजता घरी परतणाऱ्याला हे कोण सांगणार?

औषधवाली ताई :
पाकिटातल्या त्या चिठ्ठ्या मी रोज पाहते. काहींची शाईसुद्धा पुसट झालेली असते. डॉक्टरांनी गोळीपुढे थांबवण्याची तारीख लिहिली, तर त्या तारखेनंतर ती न देण्याची जबाबदारी मी घेईन. तारीख नसलेल्या चिठ्ठीवर ग्राहकाशी वाद घालण्याचा अधिकार मात्र मला कोणी दिलेला नाही.