सड्यावर जीवच नाहीत म्हणे! एप्रिलात बघितलं तर दिसणार कसे?

सडेकर
परवा फिरत आलेली पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही ते सुखी. तिचं सार असं: कोल्हापूरच्या पश्चिम भागात खाण म्हणा, रस्ता म्हणा, काहीही काढलं की वन्यजीवांची परवानगी आडवी येते, गव्यांपायी आणि बेडकांपायी जिल्हा मागं पडला, तेव्हा ही भानगडच मोडीत काढा नाहीतर एक खिडकी करा. खाली अंगठ्यांची रांग. म्हटलं गप्प बसू. नाही जमलं.

एक खिडकी २०१८ पासून आहे. परिवेश तिचं नाव. पोस्ट लिहिणाऱ्यानं ती उघडूनही बघितलेली दिसत नाही. दाजीपूरचं रान संस्थानकाळापासून राखलेलं, १९५८ ला अभयारण्य झालं, १९८५ ला वाढून राधानगरी अभयारण्य, ३५१ चौरस किलोमीटर. त्याच्या आत वन्यजीव कायद्याचं कलम २९ लागतं आणि फाईल राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जाते. जायलाच पाहिजे. २०१२ मध्ये राधानगरी युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा याच लोकांनी स्टेटस ठेवले होते.

पण माझा राग वेगळा आहे. ही परवानगी कडक नाहीच, ती आंधळी आहे. खाणीच्या पर्यावरण अहवालासाठी ठरवून दिलेल्या अटींतच लिहिलंय की पायाभूत माहिती एका हंगामाची घ्या, पावसाळा सोडून. हवा, पाणी, आवाज, माती आणि झाडं-प्राणीसुद्धा! आता आपले सडे, ही जांभ्याची पठारं, डोळ्यांसमोर आणा. एप्रिलात काय असतं तिथं? काळा जांभा, करपलेलं गवत आणि एखादी टिटवी. तोच सडा ऑगस्टात बघा. सीतेच्या आसवांच्या फुलांनी निळा होतो, गेंद फुलतात, दवबिंदू नावाचं रोपटं किडे धरत बसलेलं असतं, दगड उचलला तर खाली देवगांडूळ, बेडकाचा बिनपायांचा नातलग. सगळा संसार चार महिन्यांचा आणि नेमके तेच चार महिने मोजायचे नाहीत. लग्न सोडून बाकी सगळ्या दिवशी मांडवात जायचं आणि लिहायचं, वऱ्हाड आढळलं नाही.

उद्यमनगरी
लेख छान. पोट भरतं का त्यावर? माझी फाउंड्री आहे. पश्चिम भागातली पोरं माझ्याकडं यायची, आता पुण्याला जातात. गावाजवळ बॉक्साईटची खाण असती, ट्रक असते, तर गेली असती का? ॲल्युमिनियम तुम्हीपण वापरता. मोबाईल कशाचा आहे तुमचा, शेणाचा?

सडेकर
खाणीवर किती पोरं लागतात ते बघून या. एक पोकलेन, चार डंपर, एक पहारेकरी. पहारेकरी तेवढा गावचा.

फाईलवाला
मी यात पडणार नव्हतो, पण "आंधळी" शब्द लागला. गेली चौदा वर्षं हीच कामं करतो. होय, मी तोच, जो अहवाल लिहितो. मारा जोडे.

आधी तुमची माहिती सरळ करतो. अभयारण्यात खाण द्या म्हणून आज कुणी शहाणा अर्जच करत नाही. २६ एप्रिल २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण बंद केली. राधानगरीभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही जाहीर झालेला आहे. भांडण आहे ते त्याच्या बाहेरच्या सड्यांचं, आणि त्यातले कितीतरी मालकीचे आहेत. सातबारा बघा.

दुसरं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला एक जरी प्राणी सापडला तरी संवर्धन आराखडा करावा लागतो, पैशाच्या तरतुदीसकट, वन खात्याशी बोलून. आणि बघायचं किती, तर दहा किलोमीटरच्या त्रिज्येत. मोर पहिल्या अनुसूचीत, गवा, बिबट्या, खवले मांजर, अजगर, घोरपड पहिल्या अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीनं सहा अनुसूच्यांच्या चार केल्या आणि पहिली यादी अजून फुगली. मोर नाही असं दहा किलोमीटरचं वर्तुळ आपल्या जिल्ह्यात काढून दाखवा, मी धंदा बंद करतो. म्हणजे आराखडा प्रत्येकालाच करावा लागतो. आम्ही करतो. सुटलो असं कुणाचं होत नाही.

सडेकर
करता ना! मीही एक वाचलाय. पाणवठे दोन, जनजागृतीचे फलक, वनरक्षकांना गमबूट. गव्याचा आराखडा आणि मोराचा आराखडा यात फरक फक्त फोटोचा. आणि बदली झाडं कुठं लावली, तर दुसऱ्या सड्यावर! जांभ्यात खड्डे पाडून ग्लिरिसिडिया. एक सडा खणून घालवला, दुसरा झाडं लावून घालवला.

वाड्यावरचा
तुम्ही दोघंबी शहाणी माणसं. आमचं ऐका जरा.

आमचा धनगरवाडा रानात. आमच्या आज्याच्या आधीपासनं. रस्ता मागतोय मी दहावीत होतो तवापासनं, आता माझी लेक दहावीत हाय. विजेचे खांब आले, खाली पडून ऱ्हायले, परवानगी न्हाई. माझ्या भावजयीला बाळंतपणाला झोळीत घालून खाली आणली. पाऊस असा की चार माणसं आणि आठ हात, तरी दोनदा घसरलो. पोरगं वाटंतच झालं. जगलं, देवाची कृपा.

आणि समोरच्या डोंगरावर खाणीचे ट्रक जात होते. त्यांचा रस्ता डांबरी. मला कलमं कळत न्हाईत. गव्याला आमच्या रस्त्याचा त्रास हुतो आणि ट्रकचा हुत न्हाई, एवढंच समजावून सांगा.

उद्यमनगरी
बघा! हेच म्हणतोय मी. परवानगी काढूनच टाका.

वाड्यावरचा
तुमच्यासाठी न्हाई बोललो मी. खाण सुरू झाल्यावर खालचा झरा आटला आमचा. मार्चपातुर पुरायचा, आता संक्रांतीलाच खडखडाट. परवानगी काढली तर उरलासुरला झराबी जायचा.

फाईलवाला
दादा, तुमच्या रस्त्याला तर सोपी वाट आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). ग्रामसभेचा ठराव, एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, आणि मंजुरी उपवनसंरक्षकांच्या पातळीवर. रस्ता, वीज, शाळा, पाण्याची टाकी सगळं बसतं त्यात. अभयारण्यातली जमीनसुद्धा त्या कायद्यात वनजमीनच धरली आहे.

वाड्यावरचा
ठराव तीनदा दिलाय. पहिला हरवला. दुसऱ्याला नकाशा पायजे म्हणाले. तिसरा दिला तवा सायब बदलून गेले. तुमच्या खाणवाल्याचा नकाशा कोण काढतं? तुम्ही. आमचा कोण काढणार?

शिरोळकर
बेडूक, गवा, झरा, सगळं ठीक. आमची माधुरी हत्तीण नेली तेव्हा कुठं होते हे सगळे निसर्गप्रेमी? नांदणीचा मठ, लहानाचं मोठं केलेलं जनावर, सगळ्या गावचं लेकरू. २०२५ च्या जुलैत हायकोर्टाचा निकाल आला, सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला, आणि गाडीत घालून थेट जामनगर, अंबानींच्या वनतारात. तेव्हा कायदा कसा धावत आला? खाणीला तीन वर्षं, हत्तिणीला एक रात्र!

पेठेतला
झालं. धागा संपला. आता उद्या सकाळपर्यंत माधुरीच.

आजऱ्याची सून
हत्ती बघायची एवढी हौस असेल तर आमच्याकडं या. आमचे बिनमठाचे आहेत. वीस वर्षांच्या वर झाली कर्नाटकातून येतात, आजरा-चंदगड त्यांनी वाटूनच घेतलंय. गेल्या वर्षी आमची केळीची बाग एका रात्रीत आडवी केली. सासरे हलगी वाजवत उभे, मी पत्र्याचा डबा बडवत. हत्ती आपला निवांत सोलून खातोय. सकाळी पंचनाम्याला माणूस आला आणि विचारतो, हत्तीच होता कशावरून? म्हटलं, नाही हो, माझी जाऊ आलेली.

माधुरीसाठी हजारो माणसं रस्त्यावर चालली. आमच्या बागेसाठी तलाठीसुद्धा दुसऱ्या दिवशी आला.

शिरोळकर
ताई, श्रद्धेची आणि केळीची तुलना करू नका.

आजऱ्याची सून
का करू नको? तुमची श्रद्धा एक हत्तीण पोसत होती, माझी बाग चार पोसते. तेही नैवेद्याचं नाव न काढता.

शिरोळकर
हे बोलणं शोभत नाही. डोळ्यांतून पाणी आलं होतं तिच्या, मी स्वतः तिथं होतो. तुम्हाला लेकरू सोडून जातं म्हणजे काय ते कळायचं नाही.

आजऱ्याची सून
माझं लेकरू काढू नका इथं. सांगून ठेवते.

पेठेतला
शांत व्हा मंडळी. त्याग आम्हीपण केलाय. माधुरीसाठी अंबानींचं जिओ सोडून सिम पोर्ट केलं, तेव्हापासून माजघरात रेंज नाही. बायकोचा फोन घ्यायला गच्चीवर जातो. आणि शक्तिपीठ महामार्गाचा विषय कुणी काढू नका, मागच्या वेळी दोन सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले.

शिरोळकर
तुम्हाला चेष्टा सुचतेय. कायदा म्हणे प्राण्यांसाठी. मग रानातला गवा २०२० ला कोथरूडमध्ये शिरला, त्याला पळवून पळवून मारला, तेव्हा कुणाला शिक्षा झाली? गवाही पहिल्या अनुसूचीतलाच ना? आमचा मठ मात्र सापडला.

सडेकर
शिरोळकर, रागावू नका, पण मला तुमच्या माधुरीत माझाच मुद्दा दिसतोय. एका हत्तिणीचे पाय कसे आहेत, सांधे कसे आहेत, ती कुठल्या जमिनीवर उभी राहते हे बघायला समिती बसली, अहवाल झाले, दोन कोर्टांनी ते वाचले. निकाल पटो न पटो, बघितलं तर खरं. अख्ख्या सड्याच्या वाट्याला काय? एका सल्लागाराचा आठवडाभराचा दौरा, तोही उन्हाळ्यात.

शिरोळकर
म्हणजे नेली ते बरोबर झालं म्हणताय?

सडेकर
तसं कुठं म्हटलं मी!

शिरोळकर
अर्थ तोच होतो.

फाईलवाला
आठवडाभराचा दौरा नसतो, पंधरा दिवसांचा असतो. बरं, आता जरा खरं बोलतो, स्क्रीनशॉट काढू नका.

काही वर्षांपूर्वी एका कामात मला स्वतःलाच वाटलं की सडा पावसाळ्यानंतर बघावा. नियमात बसतं, ऑक्टोबर ते डिसेंबरही चालतो. तरी मी सप्टेंबरातच गेलो, एका वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना घेऊन, स्वतःच्या गाडीतून. सर गुडघ्यावर बसले ते उठेचनात. चार तासांत वहीची सहा पानं भरली. मी उभा राहून जळवा काढतोय. ती यादी अहवालाला जोडली, तर खाणवाल्यांचा फोन: हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला? अटीत पावसाळा नाही, आम्ही पैसे देणार नाही. दिलेही नाहीत. सरांचं मानधन मी खिशातून दिलं. पुढचं काम दुसऱ्याला गेलं आणि त्यानं मे महिन्यात उरकलं.

तेव्हा आंधळा मी नाही. डोळे उघडायचे पैसे कुणी देत नाही.

सडेकर
मग ती सहा पानं गेली कुठं?

फाईलवाला
माझ्या कपाटात.

सडेकर
अहवालातून काढलीत?

फाईलवाला
काढायला लावली. घर चालवायचं असतं, सडेकर. तुमच्यासारखा सरकारी पगार नाही मला.

सडेकर
माझा पगार विनाअनुदानित आहे, म्हणजे नाहीच. पण राहू दे. पाने हवीत मला. आंबोलीत महादेवाच्या कुंडातला एक मासा, हिरण्यकेशी, २०२० ला शास्त्रात नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा म्हणून जाहीर झाली. बोटाएवढा मासा! कागदावर आला म्हणून वाचला. सड्यावरचं कागदावरच येत नाही.

उद्यमनगरी
त्या माशाच्या कागदावर मंत्र्याच्या घरातलं नाव होतं, म्हणून वर्षात झालं. तुमच्या सरांच्या नावानं करून बघा.

सडेकर
हे मात्र खरं बोललात. लागलं, पण खरं.

उद्यमनगरी
मग माझंही एक माना. पावसाळ्यातही मोजायचं म्हटलं तर वर्ष वाढणार. जो खाण काढायला बसलाय तो वर्षभर व्याज भरतो. ते कोण देणार, देवगांडूळ?

फाईलवाला
पन्नास वर्षांच्या खाणपट्ट्यात एक पावसाळा. व्याजाचं माझ्यासमोर बोलू नका, त्यांचे ताळेबंदही मी बघितलेत. बरं, सडेकर, पावसाळ्याचा मुद्दा मान्य. खूश? बाकी काही मान्य नाही. परवानगी आंधळी म्हणालात ते मागं घ्या.

सडेकर
रातांधळी म्हणतो.

वाड्यावरचा
मी इचारलं त्याचं उत्तर कुणीच दिलं न्हाई. ट्रकचा त्रास गव्याला का हुत न्हाई?

फाईलवाला
होतो, दादा. अहवालात "किरकोळ" लिहितात. मीही लिहिलंय.

तुमचा नकाशा मी काढून देतो. फुकट. ३(२) चा प्रस्ताव, जागेचं मोजमाप, झाडांची मोजणी सगळं बसवून देतो. ठरावाची नक्कल तेवढी ठेवा, पोच घेतलेली.

वाड्यावरचा
पोच न्हाई घेतली कधी. देत न्हाईत.

आजऱ्याची सून
मागायची. मी पंचनाम्याची पोच घेतल्याशिवाय उंबरा सोडत नाही. मला न्या हवं तर तुमच्या कचेरीत.

सडेकर
मग ऑगस्टात या सगळे. फाईलवाले, ती सहा पानं घेऊन या, आधी वाड्यावर जाऊ, मग सड्यावर. गमबूट आपापले. वनरक्षकांचे मागू नका, ते आराखड्यातले आहेत.

फाईलवाला
येतो. जळवांसाठी तंबाखू-चुना तुमच्याकडून.

पेठेतला
तांबडा-पांढरा कुणाकडून?

शिरोळकर
माधुरीचा विषय अर्धवट राहिलाय, हे लक्षात ठेवा.