स्विचबोर्डमागची चुकचुक

बी-३०४ : नमस्कार मंडळी. आमच्या किचनमध्ये रात्री अकरानंतर चुक्-चुक्-चुक् असा आवाज येतो. ओळीने पाच-सहा वेळा, मग एकदम बंद. इलेक्ट्रिशियनने स्विचबोर्ड उघडून पाहिला, स्पार्किंग वगैरे काही नाही. अजून कोणाकडे येतोय का?

ए-१०२ : पाल असेल हो. आमच्या पॅसेजमध्ये रोजचंच आहे.

बी-३०४ : काकू, पाल आवाज करते? बोर्डाच्या मागे एक आहे खरी, पण मला वाटायचं ती मुकीच असते.

सी-५०१ : मुकीच असते. सरडा कधी ओरडताना ऐकलाय का कोणी? रातकिडा असणार तो.

ए-१०२ : रातकिडा सुरू झाला की थांबत नाही, भाऊ. ही मोजकं बोलून गप्प होते. पाल चुकचुकली की आमच्या आजी बोटांनी जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणायच्या. बोलण्याच्या मध्येच चुकचुकली तर बोलणं खरं ठरतं म्हणायच्या.

ए-६०३ : काकूंचं बरोबर आहे, पाल बोलते. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोठा मेसेज आहे, पण वाचा.

दादा, सरड्याबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. बागेतला सरडा गप्प असतो, सापसुरळीही गप्प. घोरपड डिवचली की फुत्कारते, पण तो जोरात सोडलेला श्वास, त्याला सूर नसतो. पालींचं कूळ मात्र वेगळं. त्यांच्या घशात स्वरयंत्र असतं, त्यात स्वरतंतू असतात. फुप्फुसातली हवा त्यांतून झटक्याने बाहेर पडली की ते "चुक्" उमटतं. शेपटी आपटून आवाज काढते, असं सांगतात त्यात तथ्य नाही. आज ट्यूबलाइटजवळची पाल नीट बघा. डोळ्याच्या मागे सुईने टोचल्यासारखं भोक दिसेल, तो तिचा कान. ज्याला कान आहे आणि गळा आहे, तो उगाच गप्प का बसेल?

आता पाल बोलते आणि सरडा का नाही? सरडा दिवसाचा प्राणी. त्याला जे सांगायचं ते तो रंगाने आणि मान हलवून सांगतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याआधी गेलात, तर दगडावर बसून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडमीट करणारे नर दिसतात. लांबून चमकतात. २०१६ साली या सरड्याची नवी जात म्हणून शास्त्रीय नोंद झाली. पण आपल्या घरातली पाल निघते रात्री. अंधारात पंखा दाखवून कोणाला दिसणार? म्हणून आवाज. "ही भिंत माझी आहे" हे दुसऱ्या नराला न बघता कळवायचा तोच सोपा मार्ग. आफ्रिकेत नामिबच्या वाळवंटात बिळात राहणाऱ्या पाली आहेत, त्यांचे नर संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन ओरडतात. आपल्या ईशान्य भारतातली टोके पाल तर एवढ्या मोठ्याने "टो-के" करते की आवाजावरून नाव पडलं.

सी-५०१ : हे माहीत नव्हतं, ताई. म्हणजे माझा सरडा बरोबर, पण त्यावरून पालीचा निष्कर्ष काढता येत नाही.

डी-२०२ : ताई, मुलगी विचारते, पालीला एकच शब्द येतो का?

ए-६०३ : छान विचारलं तिने. एकच नाही. घरात सापडणाऱ्या पालीच्या एका जातीवर डेल मार्सेलिनी यांनी १९७४ साली लेख लिहिला. त्यांनी आवाजाचे तीन प्रकार वेगळे केले. एक, ओळीने येणारी चुकचुक, म्हणजे बी-३०४ मध्ये ऐकू येते ती. हद्द सांगण्यासाठी मुख्यतः नर ती काढतात. दुसरा, दोघांची जुंपते तेव्हाचा घरघरल्यासारखा लांब आवाज, तो क्वचित ऐकू येतो. आणि तिसरा, कोणी पकडलं किंवा भीती वाटली की एकच तुटक किंचाळी. हा तिसरा मादीही काढते. तिला सांगा, रात्री कान देऊन ऐक आणि वहीत लिहून ठेव. याला काही उपकरण लागत नाही.

बी-३०४ : मग मी कोणाशी काय बोलतोय त्याच्याशी चुकचुकीचा संबंध नाही तर 😊

ए-६०३ : नाही. तिचं लक्ष दुसऱ्या पालीकडे असतं. पण काकूंच्या आजींचं एक मला फार आवडलं. घरातला एवढासा प्राणी बोलतो, हे त्यांनी लक्ष देऊन ऐकलं होतं.

सचिव : विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. शनिवारी पेस्ट कंट्रोल आहे. पालींसाठी जिन्यात आणि मीटर रूममध्ये ग्लू पॅड लावायचे का? ज्यांचं काम आहे ते विचारत आहेत.

सी-१०४ : कृपया नको. मागच्या वेळी आमच्या सिंकखाली ठेवला होता. रात्री ची-ची ऐकून उठलो. पाल पोटाने चिकटली होती, शेपूट तुटून बाजूला पडलं होतं. पाय उचलायला जाई आणि कातडी ताणली जाई. तो आवाज अजून कानात आहे.

ए-६०३ : तो तिसऱ्या प्रकारचा आवाज, दादा. मारणाऱ्याला दचकवून सुटायची तिची शेवटची धडपड. पॅड सोडत नाही, त्यामुळे ती ओरडतच राहते. सचिवसाहेब, माझी कळकळीची विनंती आहे, पॅड लावू नका. पुढे कोणाकडे अशी अडकलेली दिसली तर ओढू नका. खोबरेल किंवा गोडेतेल थेंब थेंब चिकट जागेवर सोडा, थोडा वेळ थांबा, ती सुटते.

डी-४०४ : पण ताई, पाल दुधात पडली तर विषबाधा होते ना? घरात लहान मूल आहे, भीती वाटते.

ए-६०३ : भीती समजू शकते. आपल्याकडची एकही पाल विषारी नाही, तिला विषग्रंथीच नाहीत. पण तिच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे पाल पडलेलं अन्न टाकायचंच आणि दूध झाकून ठेवायचं. ओट्यावरची लेंडी लगेच पुसा, हात साबणाने धुवा. एवढी काळजी पुरते. अंड्याची टरफलं लटकवून पाली जात नाहीत, आणि डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाताला लागतील तिथे ठेवू नका, त्यात पालीपेक्षा जास्त धोका आहे.

ई-३०१ : कमी तरी कशा करायच्या?

ए-६०३ : पाली येतात किड्यांसाठी आणि किडे येतात दिव्यासाठी. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेवू नका, खिडकीला जाळी लावा, ओट्यावर खरकटं ठेवू नका. मग पालीला तुमच्याकडे काम उरत नाही. झुरळं मात्र ती फुकटात खाते, हेही लक्षात घ्या.

सचिव : ठीक. ग्लू पॅड रद्द. झुरळांसाठी घरोघरी जेल, मीटर रूममध्ये फवारणी नाही. कोणाची हरकत?

सी-५०१ : हरकत नाही.

ए-१०२ : हरकत नाही. मी तर रोज ऐकते तिला.

बी-३०४ : ताई, अजून एक. आत्ता बोर्डाच्या कोपऱ्यात टॉर्चने पाहिलं, दोन पांढरी गोल अंडी आहेत, मटाराएवढी. सोमवारी इलेक्ट्रिशियन वायर बदलायला येणार आहे. काय करू?

ए-६०३ : पालीचीच, ती एका वेळी दोनच घालते. वायरिंगचं काम दोनेक महिने पुढे ढकलता येत असेल तर ढकला, तोवर पिल्लं निघून जातील. नाहीच जमलं तर मेन स्विच बंद करून अंडी चमच्याने उचला. जी बाजू वर आहे तीच वर राहू दे, फिरवू नका. मेणाच्या खडूने वर खूण करा आणि बाटलीच्या झाकणात कापसावर ठेवून मीटर रूमच्या कपाटामागे ठेवा. सोमवारी मी अकरापर्यंत घरीच आहे, बोलवा, मी येते.