जुना पी-४५ डिजिटल पियानो २८ हजारांना मिळतोय, आवाज कसा पारखायचा?

पणजीची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी ट्रिनिटीच्या पियानो परीक्षेच्या ग्रेड ३ची तयारी करतेय, आत्तापर्यंत घरातल्या ६१ कीच्या साध्या कीबोर्डवर भागलं पण आता टीचर म्हणतात वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड की असलेलंच घ्या, नाहीतर हळू आणि जोरात वाजवण्यातला फरक बोटांत बसणार नाही. म्हापशात एकजण यामाहा पी-४५ विकतोय, स्टँड आणि पेडल धरून २८ हजार, रविवारी बघायला जायचंय. चवथीला आम्ही वाळपईला मूळ घरी जातो तेव्हा ती वाद्य सोबत नेणारच, म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर मावणारं हवं. मला पेटी थोडीफार येते पण डिजिटल पियानोत चांगला आवाज म्हणजे नक्की काय ऐकायचं तेच कळत नाही, दुकानात तर सगळेच छान वाटतात. की हे सोडून नवा रोलंड एफपी-१० घ्यावा?

कुंकळ्ळीकार:
नवाच घ्या, वॉरंटी तरी मिळते. पी-४५ हे २०१५चं मॉडेल, २०२३ मध्ये त्याच्या जागी पी-१४५ आलं. २८ मला जास्त वाटतात.

फोंड्याची_टीचर:
ताई, मॉडेल जुनं आहे म्हणून सोडून देऊ नका, आधी नीट ऐका. मी मुलांना शिकवते त्यामुळे ही वाद्यं सतत हाताखाली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हेडफोन घेऊन जा, कानावर पूर्ण बसणारा. पी-४५चं हेडफोनचं भोक मोठं, ६.३ मिमीचं आहे, त्यामुळे कन्व्हर्टर पिनही ठेवा. आधी स्पीकर ऐकूच नका. त्याचे स्पीकर ६-६ वॅटचे, आणि पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, एवढ्याशा स्पीकरमधून तो खरा ऐकू येणं शक्यच नाही. शिवाय बऱ्याच पोर्टेबल मॉडेलात स्पीकर खालच्या अंगाला असतात, गादीवर ठेवून ऐकवलं तर कोंदट, टेबलावर भिंतीजवळ ठेवलं तर एकदम भरदार. तो फरक खोलीचा, पियानोचा नाही.

मग खालच्या पट्टीतला एकच सा धरून ठेवा आणि तो पूर्ण विरेपर्यंत काही बोलू नका. खऱ्या पियानोत सूर विरताना रंग बदलतो, वरची चमक आधी जाते आणि खाली गोल, मऊ घुमारा उरतो. हलक्या वाद्यात दोन-तीन सेकंदांनी एक तुकडा गोल गोल फिरत राहिल्यासारखा वाटतो, आवाज फक्त लहान होत जातो, बदलत नाही. ते एकदा कानाला कळलं की कुठल्याही दुकानात कोणी फसवू शकत नाही. नंतर मधला एकच सूर अगदी हळूपासून जोरात वाजवत न्या. जोरात वाजवल्यावर आवाज नुसता मोठा होतो की धारदारही होतो? धार यायलाच हवी, ग्रेड ३च्या पीसमध्ये तेच लागतं. आणि पेडल दाबून दोन्ही हातांनी भरपूर सूर एकावर एक चढवा, पी-४५ला एका वेळी ६४ आवाज झेपतात, आधीचे सूर मध्येच तुटतात का बघा. तिच्या लेव्हलला ६४ पुरतात.

एफपी-१०चा ॲक्शन, म्हणजे कीची यंत्रणा, मला जास्त आवडतो, त्याच्या प्रत्येक कीला तीन सेन्सर आहेत त्यामुळे की पूर्ण वर न येता तोच सूर परत वाजवता येतो, पी-४५च्या ॲक्शनला (जीएचएस) दोनच. पुढे ग्रेड ५-६ला हा फरक जाणवेल. आज नाही.

सत्तरीचो_भजनी:
आमच्या वाळपईचं नाव वाचून लिहितोय :) चवथीला नेणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या, ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय. पी-४५मध्ये सहा पट्ट्या वर सहा खाली करता येतं, आणि ट्युनिंगही थोडं थोडं हलवता येतं. घरातली जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला असेलच असं नाही, ती वर-खाली असली की आरतीला दोन्ही एकत्र वाजवणं कानाला सोसवत नाही, मग असं जुळवून घ्यावं लागतं. मात्र घुमट आणि शामेळ ही आरतीची तालवाद्यं सुरू झाली की ६ वॅटमधून काहीही ऐकू येणार नाही, हेडफोनच्या भोकातूनच बाहेरच्या स्पीकरला जोडा. वजन साडेअकरा किलो, तुम्ही दोघी मिळून सहज उचलाल.

पणजीची_आई:
खूप खूप आभार, विशेषतः टीचरताई! एक शंका, विकणाऱ्याचं घर समुद्राजवळ आहे, पियानो बाल्कनीला लागून ठेवलेला फोटोत दिसतो. दमटपणाने काही होतं का?

फोंड्याची_टीचर:
होतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी पियानोचं ट्युनिंग हलतं, डिजिटलला तो त्रास नाही पण कीखालच्या रबरी कॉन्टॅक्टवर धूळ आणि ओल बसली की एखादी की अचानक दणकन वाजते नाहीतर मुकी राहते. म्हणून ८८च्या ८८ की एकेक करून, एकाच जोराने, हळू वाजवा. काळ्याही. घाई करू देऊ नका त्याला. एक-दोन की अशा निघाल्या तर साफसफाईने बहुतेक सुटतं, त्या हिशेबाने भाव पाडा, मी तरी २२च्या वर जाणार नाही. जास्त निघाल्या तर सरळ परत या. ॲडॅप्टर मूळचा १२ व्होल्टचा आहे का तेही बघा. पेडल त्याच्यासोबत छोटं चौकोनी आलेलं असेल, ते फरशीवर सरकतं, खाली रबरी चटई घाला.