घरातली यंत्रं, इंटरनेट आणि वीज: आधी काय बंद करायचं?

युनिटवाला

"जुने ईमेल पुसा, व्हिडिओ कमी रिझोल्यूशनवर बघा, पर्यावरण वाचवा" असे सल्ले सगळीकडे फिरताहेत. माझं मत स्पष्ट आहे: त्याआधी चोवीस तास जोडलेल्या वस्तूंकडे बघा. एक वॅटचा भार वर्षभर अखंड चालला की 8.76 युनिट होतात. राउटर आणि फायबरचा डबा मिळून 12 ते 15 वॅट घेत असतील तर वर्षाला 105 ते 130 युनिट. सेट-टॉप बॉक्स तर रिमोटने बंद होतच नाही, फक्त लाल दिवा लागतो. आतला ट्यूनर आणि डिशवरच्या एलएनबीचा (सिग्नल पकडणाऱ्या भागाचा) पुरवठा बहुतेक बॉक्समध्ये चालूच राहतो. 12 वॅटचा बॉक्स रोज 20 तास असा पडून राहिला तर 88 युनिट गेले. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे कोणीही न बघितलेल्या टीव्हीपायी 60 किलो.

मोजायला वेगळं यंत्रही लागत नाही. रात्री फ्रिज, पंखे, दिवे बंद करा, फक्त 'बंद' समजलेली यंत्रं जोडलेली ठेवा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. एका युनिटला किती लुकलुकी ते मीटरच्या पाटीवर छापलेलं असतं. 3200 असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून 1125 ला त्यांनी भागा, 1600 असेल तर 2250 ला. 45 सेकंद आले तर 3200च्या मीटरवर 25 वॅट. अगदी एक-दोन वॅटचा भार मात्र मीटरला जाणवत नाही.

तीन_फेज

मोजायची रीत उत्तम, प्राधान्यक्रम चुकला. साधा छताचा पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 चा. रोज 12 तास, वर्षाला 300 दिवस धरा: एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. एसीचा एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, हा बीईईचाच (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेचा) आकडा. ही कामं सोडून लोकांना लाल दिव्यामागे लावू नका.

राउटर रात्री बंद ठेवायचा सल्ला कोणी देणार असेल तर त्याआधी घरात काय काय त्यावर चालतं ते बघा. फायबरवरचा लँडलाइन बंद पडतो, कॅमेऱ्याचं क्लाउड रेकॉर्डिंग थांबतं. शिवाय लोक अडॅप्टरवरचा '12 व्होल्ट 2 अँपिअर' वाचून 24 वॅट धरतात. ती कमाल क्षमता आहे, खप नव्हे. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या) मोजून अँपिअर गुणिले 230 केलं तरी चुकतंच, कारण छोट्या अडॅप्टरचा पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट गुणिले अँपिअर) 0.5च्या आसपास असतो आणि आकडा दुप्पट दिसतो. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर 'वॅट'चा रकाना वाचा.

सर्व्हररूम

दोघंही घराच्या भिंतीबाहेर बघत नाही आहात. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत, आणखी येताहेत. सर्व्हरचा भार 30 मेगावॅट आणि पीयूई 1.5 असं एक केंद्र घ्या. पीयूई 1.5 म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे अर्धं युनिट थंडावा, यूपीएसची गळती वगैरेंवर. पूर्ण भाराने वर्षाला 39 कोटी युनिट. महिना 150 युनिट वापरणारी जवळपास 2 लाख 19 हजार घरं! थंड देशांत बाहेरची हवा आत घेऊन भागतं. इथे उकाडा आणि दमटपणा दोन्ही, त्यामुळे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, जवळजवळ बारा महिने. बाष्पीभवनाचे कूलिंग टॉवर असतील तर पाणीही लागतं. आयर्लंडमध्ये 2023 साली मीटरवर नोंदलेल्या विजेपैकी 21 टक्के डेटा सेंटरांनी घेतली. आयईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 2024 साली जगभरची डेटा सेंटरं सुमारे 415 टेरावॅट-तास (एक म्हणजे 100 कोटी युनिट) वापरत होती, 2030 पर्यंत हा आकडा 945 वर जाईल. व्हिडिओ, क्लाउड, एआय आपण वापरतो म्हणूनच हे उभं राहतं.

तीन_फेज

@सर्व्हररूम, केंद्र पूर्ण भाराने क्वचितच चालतं, तो आकडा कमाल मर्यादा म्हणून वाचावा. आणि त्यावरून "व्हिडिओ बघू नका" हा निष्कर्ष निघत नाही. 2019 साली फ्रान्सच्या 'द शिफ्ट प्रोजेक्ट' या अभ्यासगटाचा एक आकडा गाजला: अर्धा तास व्हिडिओ म्हणजे 1.6 किलो कार्बन डायऑक्साइड. त्यात बिट आणि बाइट यांची गल्लत होती, म्हणजे थेट आठपट फरक, आणि तो त्यांनी पुढच्या वर्षी दुरुस्त केला. आयईएचा जागतिक सरासरी अंदाज तासाला 36 ग्रॅम. त्यातला 72 टक्के वाटा बघण्याच्या यंत्राचा, डेटा सेंटरचा फक्त 5 टक्के. 50 इंची टीव्ही फोनच्या सुमारे शंभरपट वीज घेतो. पडदा लहान निवडलात तर खरा फरक पडतो.

सर्व्हररूम

तासाच्या सरासरीवर वाद नाही. पण नेटवर्क सरासरीसाठी बांधत नाहीत, संध्याकाळच्या गर्दीसाठी बांधतात. मोबाइल टॉवर आणि डेटा पुढे पाठवणारे नेटवर्क स्विच रिकामे असले तरी बऱ्यापैकी वीज खातातच, म्हणून तुम्ही एक व्हिडिओ कमी बघितल्याने आज काही वाचत नाही, हेही मान्य. गर्दीचा माथा वाढला की नवी उपकरणं बसतात आणि ती मग वर्षानुवर्षं चालू राहतात. 4के (सर्वात बारीक चित्र) म्हणजे तासाला 7 जीबीपर्यंत, एचडी 3. फोनच्या सहा इंची पडद्यावर हा फरक डोळ्यांना कळतही नाही. ऑटोप्ले बंद करा, मोठी डाउनलोडं मध्यरात्री वायफायवर लावा.

सोल्डर

तिघंही वापराची वीज मोजताय. 5000 एमएएचची बॅटरी सुमारे 19 वॅट-तासांची. रोज पूर्ण चार्ज केली आणि चार्जरची गळती धरली तरी वर्षाला 9 युनिट, म्हणजे 6 किलो. तोच फोन बनवताना 50 ते 80 किलो उत्सर्जन आधीच झालेलं असतं, मुख्यतः चिप, पडदा आणि धातूंमुळे. दोन वर्षांनी फोन बदलणारा माणूस चार्जर सॉकेटमधून काढून काय वाचवणार? जगात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे कंपनीचे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज 11 च्या यादीत नाहीत, म्हणून चांगली यंत्रं भंगारात निघताहेत. त्यात लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, हार्ड डिस्कच्या जागी 256 जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), रॅम 4 ची 8 जीबी. सुस्ती बहुतेक वेळा फिरत्या डिस्कची असते, प्रोसेसरची नव्हे.

युनिटवाला

लॅपटॉपबाबत पूर्ण सहमत. पण "जुनं ते वापरत राहा" हा नियम टॉवरवाल्या डेस्कटॉपला लावू नका. 90 वॅटचा डेस्कटॉप काढून 20 वॅटचा लॅपटॉप घेतला तर रोज 8 तास, 300 दिवसांत 168 युनिट वाचतात, म्हणजे 118 किलो. नवा लॅपटॉप बनवण्याचे 200 ते 250 किलो साधारण दोन वर्षांत फिटतात. दुकानं, ट्यूशन क्लासेस, सायबर कॅफे इथे हा हिशेब लागू होतो. आठवड्यातून दोनदा उघडणाऱ्याला अजिबात नाही.

सोल्डर

डेस्कटॉपचा मुद्दा मान्य, फक्त नव्याऐवजी जुना नूतनीकृत लॅपटॉप घ्या, मग फिटायला दोन वर्षंही लागणार नाहीत. घेताना बॅटरीची शिल्लक क्षमता तपासा. 80 टक्क्यांखाली असेल तर बॅटरीचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. तळ किंवा टचपॅड उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असं समजा. ती टोचू नका, दाबून झाकण बसवू नका, चार्जिंग लगेच थांबवा. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रावर द्या. घंटागाडीत टाकली तर कचरा दाबताना शॉर्ट होऊन आग लागते.