कूलंट पोटात गेलंय हे साध्या ब्लड रिपोर्टवरून ठरवायचं का?

तालुक्याचा_डॉक्टर
मागच्या महिन्यात रात्री गॅरेजमधला विशीतला पोरगा आणला, झोकांड्या खातोय, तोंडाला दारूचा वास नाही आणि श्वास पळून आल्यासारखा. कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं हिरवं कूलंट सरबत समजून प्यायला होता, पण हे सोबतच्यांनी सांगितलं सकाळी! सोडियम 138, क्लोराइड 100, बायकार्ब 9, म्हणजे अनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करून उरतो तो आकडा, रक्तात नको ती ॲसिड साठली की वाढतो) 29, जो 12 च्या आसपास असायला हवा. कूलंटमधलं विष, इथिलीन ग्लायकॉल, थेट मोजायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, ती रात्री तीनला कोण करून देणार? मग रोजचे रिपोर्ट आणि ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) जोडून विष धरून चालायचं आणि उपचार सुरू करायचे असं माझं मत. आम्ही तेच केलं तर रेफर करताना फोनवर सरांनी झापलं, पुरावा काय म्हणून.

आयसीयू_निशाचर
सर बरोबर बोलले. अनायन गॅप डीकेएमध्ये (डायबिटीस बिघडून रक्तात ॲसिड वाढतं ते) वाढतो, किडनी बसली की वाढतो, सेप्सिसमध्ये (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन) वाढतो. ऑस्मोलॅलिटी किती होती?

तालुक्याचा_डॉक्टर
305. शुगर 108, युरिया 42.

आयसीयू_निशाचर
सोडियमची दुप्पट 276, शुगर भागिले 18 म्हणजे 6, युरिया भागिले 2.8 म्हणजे 15. हिशेबानं झाले 297, मोजलेले 305, फरक म्हणजे ऑस्मोचा गॅप 8. दहापर्यंत नॉर्मलच धरतात की. तुमचाच रिपोर्ट तुमच्यावर उलटला राव.

लॅबवाली_ताई
अहो थांबा जरा. 2.8 नं भागतात ते बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. आपल्याकडे रिपोर्टवर युरिया छापतात, त्याला 6 नं भागायचं. 42 भागिले 6 म्हणजे 7, बेरीज 289, फरक 16. मोबाइलच्या ॲपमध्ये बीयूएनच्या चौकोनात युरिया टाकणारे डॉक्टर मी किती पाहिलेत सांगू नका. आणि एक गंमत, आमचं ऑस्मोमीटर रक्ताचा गोठणबिंदू किती खाली गेला तेच मोजतं, म्हणजे गाडीत कूलंट जे काम करतं त्यावरूनच ते पकडलं जातं 😄

आयसीयू_निशाचर
कान पकडले ताई. पण माझा मुद्दा तसाच आहे. 100 मिलीत 20 मिग्रॅ ग्लायकॉल म्हणजे उपचार सुरू करायची पातळी, आणि तेवढ्यानं हा गॅप वाढतो फक्त 3 नं. धडधाकट माणसाचा गॅपच उणे 10 ते अधिक 10 मध्ये कुठेही असतो, त्यात हे 3 शोधणार कसे? पेशंट उशिरा आला तर आणखी गोची, ग्लायकॉलचं ॲसिड होऊन गेलेलं असतं, मग ऑस्मोचा गॅप उतरतो आणि अनायनचा चढतो. म्हणजे एकदा आधी फसवतो एकदा नंतर. आणि 16 तर नुसत्या शॉकमध्येही दिसतो.

तालुक्याचा_डॉक्टर
नॉर्मल आला म्हणून घरी पाठवा असं मी कुठं म्हटलंय? वाढलेला दिसला तर हातावर हात ठेवून बसू नका एवढंच. लॅक्टेटचं (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) सांगायचं राहिलं, ब्लड गॅसच्या मशीनवर 17 आणि त्याच वेळचं लॅबमधलं 2.4. आतडं सडलं असेल म्हणून सर्जनला झोपेतून उठवलं होतं आम्ही! नंतर कळलं की काही गॅस मशीन ग्लायकॉलपासून शरीरात बनणाऱ्या ग्लायकोलिक ॲसिडलाच लॅक्टेट समजून मोजतात. दोन मशीनमधली ही तफावत मला कुठल्याही गॅपपेक्षा बोलकी वाटते.

आयसीयू_निशाचर
हां, हे मात्र तुम्ही आधी सांगायला हवं होतं. लघवीत ऑक्झलेटचे स्फटिक, ग्लायकॉलपासून शेवटी बनतात ते?

तालुक्याचा_डॉक्टर
पहिल्या सॅम्पलमध्ये नाहीत, सकाळच्या सॅम्पलमध्ये भरपूर.

जुना_एमडी
1986 साली मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमधून विषबाधा होऊन 14 पेशंट गेले, तेव्हा लघवी बंद पडत चाललेली सगळ्यांना दिसत होती, विषाचं नाव मागाहून कळलं. नाव कळेपर्यंत थांबणं परवडत नाही.

लॅबवाली_ताई
सर, ते डायइथिलीन ग्लायकॉल होतं, त्यात हे स्फटिक मिळत नाहीत. दोन्हींची गल्लत नको, नाहीतर कुणीतरी स्फटिक नाहीत म्हणून निर्धास्त व्हायचा.

आयसीयू_निशाचर
थांबू नका हे मान्य, पण फोमेपिझोल, ग्लायकॉलचं ॲसिड होऊ न देणारं औषध, आहे का तुमच्याकडे? नाही ना. म्हणजे त्याच कामासाठी नळीतून दारू देणार, शुद्ध आणखी हरपणार, शुगर उतरणार, आणि निघाला साधा सेप्सिस तर जबाबदार कोण?

तालुक्याचा_डॉक्टर
दारू दिली आणि तासातासाला शुगर बघितली. तीन डायलिसिस लागले, आता किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.3 आहे.

लॅबवाली_ताई
त्या रात्रीचं सिरम ठेवलंय का? अजूनही क्रोमॅटोग्राफीला पाठवता येईल, वाद मिटेल.

तालुक्याचा_डॉक्टर
एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस ना ताई, सॅम्पल पोलीस घेऊन गेले. रिपोर्ट यायचाय अजून.