कमी दर लावणं अनैतिक आहे का? (मदत हवी, जरा घाई आहे)

थेट_मुद्दा
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून स्वतःचं काम सुरू करतोय. या भागात आधीचे तिघे आहेत, मी त्यांच्यापेक्षा ३० टक्के कमी घेणार. मला परवडतं. पण त्यातल्या एकाचा फोन आला, "आमच्या पोटावर पाय देतोस" म्हणून. घरातही दोन तट पडलेत. कमी दर लावणं अनैतिक आहे का, हो की नाही, एवढंच सांगा. पत्रकं छापायला टाकायची आहेत.

वाचनमात्र
काम कसलं ते तर सांगा! शिकवणी, सुतारकाम, केटरिंग? आणि "परवडतं" म्हणजे कसं?

रंगीत_पेन्सिल
पत्रकं कोण वाचतं हो आता? छोटे व्हिडिओ टाका. नाव काय ठेवलंय? सुटसुटीत हवं. लोगो हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ताळेबंद
नैतिक-अनैतिक नंतर, आधी हिशेब. दर १०० धरा, खर्च ६०, उरले ४०. दर ७० केलात की उरले १०. तेवढेच पैसे सुटायला चौपट कामं करावी लागतील. हात किती आहेत तुम्हाला?

थेट_मुद्दा
एसी-फ्रिज दुरुस्ती. वर लिहिलंय असं वाटलं. दुकान नाही, भाडं नाही, हाताखाली माणूस नाही. खर्च ६० होतच नाही माझा. आणि मी हो की नाही विचारलं होतं.

ताळेबंद
त्या खर्चात स्वतःचा रोज धरलात? वॉरंटीतल्या फुकट फेऱ्या? नवीन माणूस हेच धरत नाही आणि म्हणतो परवडतं.

इतिहासाचं_पान
रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या अमेरिकन तेल कंपनीवर हाच आरोप होता. तोटा सोसून दर पाडायचे, समोरचा बुडाला की चढवायचे. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडायला लावली, तिच्या ३४ कंपन्या झाल्या.

वाकडी_वाट
अर्धवट माहिती. जॉन मॅक्गी या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये त्याच खटल्यातले साक्षीपुरावे तपासून मांडलं की दर पाडून बुडवण्यापेक्षा प्रतिस्पर्धी सरळ विकत घेणं स्वस्त पडतं, आणि कंपनीने मुख्यतः तेच केलं.

इतिहासाचं_पान
मॅक्गीचं सगळ्यांना पटलेलं नाही. आणि रेल्वेकडून गुपचूप मिळणारी भाड्यातली सूट? ती सोयीस्कर विसरलात.

वाचनमात्र
अहो, एक माणूस एसी धुवायला निघालाय आणि तुम्ही रॉकफेलर काढलात! बाजारावर वर्चस्व असलेल्याने खर्चाच्याही खाली विकलं, तर बहुतेक देशांत स्पर्धा कायदा मध्ये येतो. यांना तो कुठून लागणार?

जुनी_जाणती
कायद्याने चालतं म्हणजे झालं का? आमच्या शिवणकामात असाच एकजण निम्म्या दराने आला. त्याचं त्यालाच झेपलं नाही, गाशा गुंडाळून गेला. पण दर वर आले नाहीत. गिऱ्हाईक आजही ब्लाऊज पुढे करत म्हणतं, "तो तर एवढ्यात शिवायचा." तो गेला आणि आम्ही अजून त्याच्या दरात शिवतोय. हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं, ताळेबंद?

ताळेबंद
बसत नाही. पण मग नव्या माणसाने जुन्यांचा दर विचारूनच यायचं का? तिघांनी मिळून दर चढा ठेवला असेल तर ते नैतिक?

जुनी_जाणती
तसं मी कुठे म्हटलं?

थंड_डोक्याने
मी याच लाइनमधला. कमी दरवाला पैसे कुठे वाचवतो ते सांगतो. लीक न शोधता वरून गॅस मारतो. सिस्टिम उघडली असेल तरी व्हॅक्यूम न करता, म्हणजे आतली हवा-ओल पंपाने न काढता भरतो, पंप लावून थांबायला वेळ कुणाला आहे? आर-३२ गॅस वजन करून भरायचा असतो, हा गेजकडे (दाबमापकाकडे) बघून अंदाजाने. त्या दिवशी गार होतं, गिऱ्हाईक खूश. लीक तिथेच. तुम्ही हे सगळं रीतसर करून ३० टक्के कमी घेत असाल तर खुशाल घ्या. फक्त एक विचारतो, काम शिकलात कुठे?

थेट_मुद्दा
व्हॅक्यूम केल्याशिवाय मी गॅस भरत नाही. आणि शिकलो त्यांच्याकडेच, ज्यांचा फोन आला. बरीच वर्षं होतो. त्याचा इथे काय संबंध?

थंड_डोक्याने
आहे. जाहिरात कुणाकुणाला करणार?

थेट_मुद्दा
पत्रकं सगळीकडे. शिवाय जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲप. नंबर आहेतच माझ्याकडे, त्यांच्या घरी मीच जायचो ना.

वाचनमात्र
घ्या! हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतं तर रॉकफेलर वाचला असता. तो फोन ३० टक्क्यांसाठी नव्हताच.

ताळेबंद
ग्राहक कुणाच्या बापाचा नसतो. घरात आलेल्या कारागिराला लोक ओळखतात, मालकाला नाही.

जुनी_जाणती
ग्राहक नसेल, यादी असते. तुम्हाला शोधत कुणी आलं तर जरूर जा. पण त्यांच्या पगारावर असताना जमलेल्या नंबरांवर "त्यांच्यापेक्षा स्वस्त" असा निरोप धाडायचा, ही वेगळी गोष्ट आहे. तीही ज्यांनी हातात पाना दिला त्यांच्याविरुद्ध.

थेट_मुद्दा
म्हणजे दर चालेल, नंबर नाही? मग पहिलं काम आणू कुठून?

रंगीत_पेन्सिल
व्हिडिओ!!! कधीची सांगतेय.

थंड_डोक्याने
त्यांनाच फोन करा. सीझनला प्रत्येकाकडे कामं तुंबतात. जास्तीची माझ्याकडे वळवा, तुमच्याच दराने करून देतो म्हणा. फार तर नाही म्हणतील.

थेट_मुद्दा
आत्ता ते माझ्याशी नीट बोलतील असं वाटत नाही. बघतो. पत्रकातून "इतरांपेक्षा" काढलं, रोज धरून पुन्हा हिशेब केला तर १५ टक्केच कमी घेता येतंय. नंबरांचं मात्र अजून पटलेलं नाही.

खिडकीपाशी
अवांतर: आमच्या एसीतून आत पाणी ठिबकतं. गॅस संपला असं एकाने सांगितलंय. खरं असेल का?

थेट_मुद्दा
आधी फिल्टर धुवा आणि ड्रेन पाईप तुंबलाय का बघा. हवा गार येत असेल आणि कॉइलवर बर्फ धरत नसेल तर बहुधा गॅसचा विषय नाही. त्याने गेज लावून दाखवलं होतं का?